परीक्षेचा हंगाम आणि कामाचा हंगाम

प्रति,
मा. संपादक,

विषय : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची फ्रीलान्स कामे, परीक्षांच्या तारखा आणि थकलेले मानधन

महोदय,

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात मी वाणिज्य शाखेला हिशेबशास्त्र आणि आयकर हे विषय शिकवते. कमावत शिकणारा विद्यार्थी आमच्या भागाला नवा नाही. सकाळी वर्तमानपत्रे टाकून, संध्याकाळी औषधाच्या दुकानात उभे राहून किंवा सुट्टीत चुलत्यांच्या शेतावर राबून शिकलेल्या पिढ्या येथे आहेत, आणि आमच्या प्राध्यापकवर्गातही असे अनेक जण आहेत. अलीकडे मात्र या कमाईचे स्वरूप पालटले आहे. आज माझ्या वर्गात कोणी लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो, कोणी गावातल्या दुकानांसाठी रील आणि पोस्टर करून देतो, कोणी बाजार समितीतल्या अडत्यांच्या नोंदी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घरबसल्या भरतो, कोणी अनुवाद करते, तर कोणी पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांसाठी डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकुराची जुळणी, आणि मुद्रितशोधन करते. यांना मालक नाही, हजेरीपट नाही, ठरलेला पगार नाही. कामागणिक पैसे ठरतात आणि काम संपले की संबंध संपतो. अशा फ्रीलान्स कामाचा आणि पदवीच्या अभ्यासाचा मेळ कसा घालावा याविषयी सध्या बरेच बोलले जाते. त्यातला मोठा भाग चुकीच्या माणसाला उद्देशून बोलला जातो असे मला वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

विषय निघाला की सल्ले ठरलेले असतात : पहाटे उठा, दिवसाचे तक्ते करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, नको त्या कामाला नकार द्यायला शिका. व्याख्यानमालांतून हेच सांगितले जाते, पुरवण्यांतून हेच छापले जाते आणि पालकसभेत आम्हीही हेच सांगतो. हे सल्ले खोटे नाहीत, परंतु त्यांच्या मुळाशी एक समजूत आहे : वेळ पूर्णपणे विद्यार्थ्याच्या ताब्यात आहे आणि ढिलाई आहे ती फक्त त्याच्या वापरात. माझे निरीक्षण याच्या उलट आहे. बाहेरची कामे घेणारी मुले वर्गातल्या इतर मुलांपेक्षा वेळेच्या बाबतीत अधिक काटेकोर असतात, कारण रात्री दहापर्यंत फाइल गेली नाही तर पुढचे काम दुसऱ्याला जाते, हे त्यांना अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीच कळून चुकलेले असते. तरीही त्यांचे विषय राहतात, एटीकेटी लागते, चाचण्या बुडतात. याचे मुख्य कारण असे की, परीक्षा नक्की कधी होणार आणि केलेल्या कामाचे पैसे नक्की कधी येणार या दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक नसतात, आणि त्या ठरवणेही त्यांच्या हातात नसते.

आमच्याकडच्या अशा कामांच्या बाजाराला स्वतःचे पंचांग आहे. श्रावण लागला की गणेश मंडळांचे अहवाल, स्मरणिका आणि फ्लेक्स यांची कामे सुरू होतात. त्याच सुमारास दिवाळी अंकांचा मजकूर जुळणीला येतो आणि नवरात्र संपेपर्यंत मुद्रितशोधन करणाऱ्याला उसंत नसते. दसरा-दिवाळीला दुकानदारांच्या जाहिराती निघतात. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई, मार्चमध्ये वर्षअखेर म्हणून साचलेली बिले, बँक जुळवणी आणि टॅलीच्या नोंदी, एप्रिल-मेमध्ये पुन्हा लग्ने. मध्येच निवडणूक लागली तर प्रत्येक प्रभागातल्या प्रत्येक इच्छुकाला आपला जाहीरनामा आणि आपले गाणे उद्या सकाळी हवे असते. आता याच्या शेजारी सत्र पद्धतीचे वेळापत्रक ठेवून पाहावे. पहिल्या सत्राच्या परीक्षा ऑक्टोबर ते डिसेंबर यांदरम्यान कधीतरी आणि दुसऱ्या सत्राच्या मार्च ते जून यांदरम्यान कधीतरी. म्हणजे ज्या आठवड्यांत काम भरपूर असते आणि दरही चढे असतात, नेमके तेच आठवडे परीक्षेचे. आषाढात आणि पौषात, वर्ग नुकते सुरू झालेले असतात आणि अभ्यासाचा भार हलका असतो, तेव्हा फोन वाजत नाही. वार्षिक परीक्षा होत्या त्या काळात निदान दिवाळीचा हंगाम तरी मोकळा असे. सत्र पद्धतीचे लाभ मला मान्य आहेत आणि ती मागे घ्यावी असे मी म्हणत नाही, पण हंगाम परीक्षेवर येऊन आदळतो याला विद्यार्थ्याचा आळस जबाबदार नाही, एवढे तरी आपण मान्य करावे.

आमच्या तृतीय वर्षातील एका विद्यार्थिनीचे उदाहरण देते. ती दिवाळी अंकांचे मुद्रितशोधन करते. तिच्याकडे येणारा मजकूर पुष्कळदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला असतो. तो रूपांतरित करताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ तुटतात, अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरे उमटतात, आणि हे सारे डोळ्यांनीच पकडावे लागते. एक वाचन मूळ मजकुराशी ताडून, दुसरे दुरुस्त्या घातल्यावर आणि तिसरे पाने लागल्यावर, कारण पाने लावताना ओळी तुटून नव्या चुका जन्माला आलेल्या असतात. नामवंत लेखकाची कथा सगळ्यांत शेवटी येते आणि तिच्यासाठी अंक थांबवलेला असतो. या मुलीने घटस्थापनेपर्यंत सगळी पाने हातावेगळी करण्याचा शब्द दिला होता आणि त्यानंतरचे दिवस कॉस्टिंगच्या पेपरसाठी मोकळे ठेवले होते. आखणी चोख होती. परीक्षेचे वेळापत्रक मात्र उशिरा आले आणि त्यात पहिला पेपर तिच्या अंदाजापेक्षा बराच आधी पडला. घाबरून तिने एक अंक परत केला. त्यानंतर सुधारित वेळापत्रक निघाले, पेपर पुढे गेला आणि शेवटी तिने मुळात आखलेल्या दिवसांतच झाला. तोपर्यंत अंक दुसऱ्याकडे गेला होता आणि संपादकांचे तिच्याविषयीचे मत व्हायचे ते होऊन गेले होते. या मुलीला वेळेच्या नियोजनाचा कोणता धडा द्यावा, हे मला अद्याप उमगलेले नाही.

या ठिकाणी कमवा आणि शिका योजनेची आठवण होणे साहजिक आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा श्रम करून शिकण्याची वाट महाविद्यालयापर्यंत पोहोचली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य आमच्या भागात लहान मुलांनाही पाठ असते. आजही अनेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत ठरावीक तास काम करून मानधन मिळवतात. या योजनेचा गौरव करताना तिच्यातली एक व्यवस्था सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, ती अशी की, काम देणारा आणि शिकवणारा एकच होता. परीक्षा जवळ आली की काम कमी करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, परीक्षेची तारीखही त्यालाच ठाऊक. आजच्या फ्रीलान्स विद्यार्थ्याच्या बाबतीत हा दुवा तुटला आहे. अडत्याला, फोटो स्टुडिओला किंवा प्रकाशकाला परीक्षेचा पत्ता नसतो आणि महाविद्यालयाला त्याच्या कामाचा. विद्यार्थी या दोघांच्या मध्ये एकटा उभा असतो आणि बहुधा दोघांपासूनही काही ना काही लपवत असतो : महाविद्यालयापासून काम, कारण कळले तर अभ्यासात लक्ष नसल्याचा शिक्का बसतो, ग्राहकापासून शिक्षण, कारण ‘कॉलेजचा पोरगा’ म्हटले की दर निम्म्यावर येतो.

पैशाच्या अनिश्चिततेचा अभ्यासाशी असलेला संबंध तर त्याहून कमी लोकांच्या लक्षात येतो. शुल्काची तारीख ठरलेली असते, खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे महिन्याच्या आरंभी द्यावे लागतात. कामाच्या पैशांविषयी मात्र ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हे उत्तर असते. तीन ठिकाणचे येणे थकले असेल तर त्यांतले एक तरी वेळेवर येईल याची खात्री नसल्याने मुलगा चौथे काम घेतो. मग ती चारही कामे एकाच आठवड्यात अंगावर येतात, आणि आपण त्याला हाव सुटली म्हणतो. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच मुलांनी जादा कामे घेतली ती थकबाकीच्या धास्तीने. केलेल्या कामाचे पैसे ठरल्या दिवशी हातात पडले असते तर त्यांतली कित्येक कामे त्यांनी घेतलीच नसती.

एखादा विद्यार्थी थकलेल्या पैशांची तक्रार घेऊन आला की मी प्रथम बिल पाहायला मागते. बिल सहसा नसते. व्हॉट्सॲपवर ‘सर, पेमेंट कधी होईल?’ असा प्रश्न आणि त्याखाली निळ्या खुणा, एवढाच काय तो व्यवहाराचा कागद. त्यामुळे जमाखर्चाच्या तासाला मी आता साधे बिल लिहायला शिकवते. क्रमांक, तारीख, दोघांची नावे व पत्ते, कामाचे वर्णन, पॅन, बँक खाते, पैसे देण्याची मुदत, आणि किती वेळा केलेल्या दुरुस्त्या मूळ दरात धरल्या आहेत याची नोंद. ही शेवटची ओळ मुलांना अनावश्यक वाटते. प्रत्यक्षात ‘जरा छोटासा बदल आहे, लगेच करून दे’ या वाक्याने जेवढ्या रात्री खाल्ल्या आहेत तेवढ्या मूळ कामाने खाल्लेल्या नाहीत, आणि हे वाक्य हमखास परीक्षेच्या आदल्या रात्री येते.

कायदा या बाबतीत विद्यार्थी समजतो त्यापेक्षा पुष्कळ त्याच्या बाजूचा आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाकडून माल अथवा सेवा घेणाऱ्याने लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. सेवा देणारी एकटी व्यक्तीही सूक्ष्म उपक्रम म्हणून उद्यम नोंदणी करू शकते. नोंदणी ऑनलाइन होते, तिला शुल्क नाही, आधार आणि पॅन पुरतात. काम हाती घेण्यापूर्वी ती झालेली असावी, एवढे मात्र पाहावे. चार हजार रुपयांसाठी एखादा विद्यार्थी अशा थकबाकीचे दावे ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज करील असे मी म्हणत नाही. या नोंदणीचा व्यवहारातला उपयोग निराळाच आहे. अशा उपक्रमाचे देणे मुदतीत चुकते केले नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही, अशी तरतूद २०२४-२५ या कर-निर्धारण वर्षापासून लागू झाली. त्यामुळे बिलाच्या माथ्यावर उद्यम क्रमांक दिसला की ग्राहकाचा सनदी लेखापालच त्याला मार्च संपण्यापूर्वी पैसे देऊन टाकायला सांगतो. विनवणीच्या दहा संदेशांपेक्षा हे काम त्या एका ओळीने अधिक लवकर होते.

आयकराविषयी मुलांना एक तर भीती असते किंवा पूर्ण अज्ञान असते. वर्गात मी ज्यांची तयारी असेल त्यांना आयकराच्या संकेतस्थळावर स्वतःचा २६एएस, म्हणजे आपल्या नावे जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडून पाहायला सांगते, तेव्हा आपल्या नावावर टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कर, जमा आहे हे पाहून कोणी ना कोणी थक्क होते. २०२५-२६ या आर्थिक वर्षात व्यावसायिक शुल्कापोटी वर्षभरात ५० हजार रुपयांहून अधिक रक्कम देणाऱ्या संस्थेने १० टक्के कर कापायचा असतो, आणि पॅन दिला नसेल तर कपात २० टक्क्यांवर जाते. नव्या करप्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही आणि विद्यार्थ्याची वर्षाची कमाई सहसा याच्या आसपासही जात नाही. कापलेली रक्कम परत मिळते, पण विवरणपत्र भरले तरच. एका सत्राचे शुल्क ज्यातून भरले गेले असते अशी रक्कम केवळ विवरणपत्र न भरल्यामुळे सरकारजमा राहते, आणि त्याच शुल्कासाठी विद्यार्थी परीक्षेच्या आठवड्यात आणखी एक लग्न एडिट करायला घेतो. प्रथम वर्षातल्या मुलांची आणखी एक अडचण असते. त्यांपैकी काहींना १८ वर्षे पूर्ण झालेली नसतात आणि भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार अज्ञानाचा, म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्तीचा, करार मुळातच रद्दबातल ठरतो. अशा मुलांनी आगाऊ रकमेशिवाय काम सुरूच करू नये, असे मी त्यांच्या पालकांना सांगते.

फसवणुकीविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यावर आपल्या दैनिकातूनही वेळोवेळी येत असते. डेटा एंट्रीचे काम देतो म्हणून आधी अनामत घेणारे, नंतर ‘तुमच्या कामात चुका निघाल्या’ म्हणून वकिलाच्या खोट्या नोटिसा पाठवणारे, टेलिग्रामवर टास्क देऊन पैसे भरायला लावणारे आणि काही टक्क्यांच्या आमिषाने मुलांचे बँक खाते वापरायला मागणारे, हे सगळे विद्यार्थ्यांनाच हेरतात. काम देणारा पैसे मागत असेल तर ते काम नव्हे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, घरच्यांच्या भीतीने दोन दिवस थांबू नये.

आता शिक्षणव्यवस्थेकडे वळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आपल्या राज्यात पदवी अभ्यासक्रमांची रचना बदलली आणि त्यात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामातील प्रशिक्षण, आले. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक श्रेयांक (क्रेडिट) साधारण ३० तासांच्या शिक्षणाला धरलेला आहे, म्हणजे ४ श्रेयांकांच्या ओजेटीसाठी १२० तास काम करायचे. कल्पना उत्तम आहे. परंतु हे काम एखाद्या आस्थापनेत जाऊन केलेले असावे आणि त्या आस्थापनेचे प्रमाणपत्र असावे, असा बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ लावला जातो. परिणाम काय होतो ते सांगते. अडत्यांच्या तीन पेढ्यांचे हिशेब वर्षभर चोख ठेवणारा, वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रांची आकडेवारी तयार करून देणारा विद्यार्थी ओजेटीसाठी मामाच्या ओळखीच्या दुकानाचा शिक्का आणतो, कारण त्याच्या खऱ्या कामाला शिक्का नसतो. खरे काम श्रेयांकाबाहेर आणि कागदी काम श्रेयांकात. श्रेयांक आराखड्यात संबंधित कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देण्याचा विचार आहे, तेव्हा वाट बंद आहे असे म्हणता येणार नाही. विद्यार्थ्याने केलेल्या कामांची नोंदवही, बिले, बँकेत जमा झालेल्या रकमा आणि ग्राहकाचे पत्र सादर करावे, विभागातील एका शिक्षकाने त्याची तोंडी परीक्षा घ्यावी आणि काम अभ्यासक्रमाशी जुळत असेल तर ते ओजेटी म्हणून धरावे. यात खोटेपणाला वाव राहील हे मला मान्य आहे, पण मामाच्या शिक्क्याइतका नक्कीच नाही. शिवाय १२० तास वाचले तर ते अभ्यासासाठी मोकळे होतील.

उपस्थितीच्या बाबतीत मात्र माझे मत काही विद्यार्थ्यांना रुचणार नाही. ७५ टक्के उपस्थितीची अट कमावणाऱ्यांसाठी शिथिल करावी, अशी मागणी अधूनमधून होते आणि मी तिच्या विरुद्ध आहे. सवलत मिळाली की ग्राहकाला ते लगेच कळते आणि मोकळे झालेले तास अभ्यासाकडे न जाता कामाकडे जातात. सकाळचे वर्ग हे या मुलांना मिळणारे एकमेव कुंपण आहे. ‘अकरापर्यंत मी वर्गात असतो’ असे सांगण्याची सोय त्यांच्याकडून काढून घेऊ नये. ज्याचे काम खरोखरच एवढे वाढले आहे की वर्गात बसणे अशक्य आहे, त्याच्यासाठी १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, आणि तेथे जाण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. नव्या धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन एकूण सात वर्षांत पदवी पुरी करण्याची सोय आहे. श्रेयांक पेढीत मिळवलेले श्रेयांक जमा राहतात. ही सोय माहीत असावी. पण हातात पैसा खेळू लागल्यावर बाहेर पडलेला मुलगा परत येतोच असे नाही, हे आम्ही धोरण येण्यापूर्वीपासून पाहत आलो आहोत, म्हणून मी ती कोणाला आपणहून सुचवत नाही.

कोणते काम घ्यावे याविषयीही एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. शंभर रुपयांना एक पोस्टर अशा दराने रात्रीमागून रात्री तेच ते साचे भरत बसण्यात झोप विकली जाते आणि वर्षाच्या अखेरीस हाताला नवे काही आलेले नसते. त्यापेक्षा दरमहा ठरलेले थोडे काम आणि त्याचे ठरलेले मानधन अभ्यासाला कमी बाधक ठरते, मग एकूण रक्कम थोडी कमी का असेना. एखाद्या दुकानाचे महिन्याचे हिशेब, एखाद्या डॉक्टरांच्या पानावर आठवड्याला दोन मजकूर, अशी कामे परीक्षेच्या काळात आधी उरकून ठेवता येतात. लग्नाचा अल्बम तसा ठेवता येत नाही. आणि दुसऱ्यांचे प्रकल्प, प्रबंधिका लिहून देण्याची कामे, ज्यांना सध्या बराच भाव आहे, ती घेऊच नयेत. ते काम देणारे अनेकदा दुसऱ्या महाविद्यालयातले विद्यार्थी असतात आणि कधीकधी, लिहायला संकोच वाटतो, नोकरी करणारे शिक्षकही असतात.

मुलींचा उल्लेख स्वतंत्रपणे करणे भाग आहे. घरी बसून करण्याचे काम म्हणून पालक मुलींना या कामाची परवानगी सहज देतात, आणि ज्या घरांतून मुलीला संध्याकाळी बाहेर नोकरीला पाठवले गेले नसते त्या घरांतून आज तिच्या नावावर पैसे जमा होत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मुलगी घरात आहे म्हणजे ती मोकळी आहे, असाच अर्थ घेतला जातो. लॅपटॉप उघडलेला असतानाच ‘जरा कुकर बघ’ म्हटले जाते. भावाच्या बाबतीत त्याचे काम सुरू असते, हिच्या बाबतीत ती मोबाइलवर असते. काम, घर आणि अभ्यास या तिन्हींत माघार घ्यायची वेळ आली की माघार नेहमी अभ्यासाची होते, कारण तेवढ्यावरच घरात कोणी हक्क सांगितलेला नसतो. मुलगी कमावते आहे तर तिच्या परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाकघराची पाळी कोणाची, हे पालकसभेत विचारले की सभागृह शांत होते. तरीही मी विचारते.

विद्यापीठांकडे माझे मागणे फार मोठे नाही. शैक्षणिक वर्ष सुरू होताना दोन्ही सत्रांच्या परीक्षांचे आठवडे जाहीर करावेत आणि आपत्ती अथवा निवडणूक यांसारखे सबळ कारण असल्याशिवाय ते हलवू नयेत. सविस्तर वेळापत्रक परीक्षेच्या किमान महिनाभर आधी यावे, आणि एकदा आलेले पेपर अलीकडे आणू नयेत. पुढे नेणे एक वेळ सोसते, अलीकडे आणणे सोसत नाही. महाविद्यालयांच्या हाती तर याहून अधिक आहे, कारण अंतर्गत चाचण्या आणि प्रकल्प सादर करण्याच्या तारखा आपणच ठरवतो. आमच्या विभागाने त्या तारखा सत्राच्या पहिल्या आठवड्यात फलकावर लावायला सुरुवात केली आहे, आणि गणपती ते दिवाळी या काळात शक्यतो चाचणी ठेवत नाही. यासाठी कोणाची परवानगी लागली नाही. याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की मुले आपणहून येऊन कोणत्या महिन्यात आपल्याकडे कोणते काम आहे हे सांगू लागली.

शेवटचे मागणे, क्षमा असावी, आपल्याकडे आणि आपल्या व्यवसायबंधूंकडे आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्या, नियतकालिके, पुस्तक प्रकाशक आणि दिवाळी अंक हे या मुलांच्या श्रमाचे मोठे ग्राहक आहेत. काम देताना परीक्षा कधी आहे हे विचारावे, कुठला मजकूर उशिरा येणार असेल तर त्याची कल्पना आधी द्यावी आणि शेवटच्या पानांसाठी दुसरा हात तयार ठेवावा. मानधन अंक छपाईला गेला की द्यावे. जाहिरातींचे पैसे जमा झाल्यावर पाहू, ही पद्धत लेखकांनी आजवर निमूटपणे चालवून घेतली असेल, पण मुद्रितशोधन आणि पाने लावणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ती चालू नये, कारण जाहिरातदार संक्रांतीपर्यंत पैसे देतो आणि दुसऱ्या सत्राचे शुल्क डिसेंबरात भरायचे असते.

आपली विश्वासू,
वाणिज्य शाखेतील एक प्राध्यापिका
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)